पाठलागाचे सिनेमे : आपण पळणाऱ्याच्या बाजूचे कधी होतो?

सिंदफणा (माजलगाव, सध्या संभाजीनगर)

'खून कुणी केला' या जातीचे सिनेमे मला एकदा बघून पुरतात. खुनी कळला, विषय संपला. पण एक माणूस पळतोय आणि अख्खी यंत्रणा त्याच्या मागं लागलीय, असा सिनेमा नीट जमला असेल तर शेवट पाठ असूनही मी मधून उठत नाही. असं का होतं यावर बोलायला हा धागा.

टोकाचं उदाहरण घेतो. 'द डे ऑफ द जॅकल'. फ्रेडरिक फोर्सिथची कादंबरी १९७१ ची, फ्रेड झिनेमानचा सिनेमा १९७३ चा. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी एक भाडोत्री मारेकरी घेतो. आता द गॉल तर १९७० मध्येच आपल्या घरी वारले होते. म्हणजे पुस्तक हातात घेणाऱ्याला आधीच ठाऊक, की ही सुपारी फसणार. तरी पुस्तक तुफान खपलं आणि सिनेमा लोक अजून बघतात.

मग जीव टांगणीला लागतो तो कशानं? मला वाटतं, कामानं. मारेकरी दफनभूमीत जाऊन लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं नाव हुडकतो आणि त्या नावावर पासपोर्ट काढतो. कुबडीत लपेल अशी बंदूक बनवून घेतो. झाडाला टरबूज टांगून नेम बसवतो. इकडं कमिशनर लेबेल नावाचा, दिसायला अगदी साधा माणूस हॉटेलांत उतरणाऱ्यांच्या नोंदणीच्या चिठ्ठ्या रोज गोळा करायला लावतो. धावाधाव कमी, कागद जास्त. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच.

आणि बघताना माझी गत काय होते सांगू? पासपोर्ट तपासणाऱ्यानं मान वर केली की वाटतं, सुटावा बिचारा. लेबेल चिठ्ठ्या चाळायला बसला की वाटतं, सापडावा लेकाचा. एकाच सिनेमात, थोड्या थोड्या वेळानं. जो माणूस आपलं काम डोकं लावून करताना दिसतो त्याच्याकडं आपण झुकतो. तो चांगला की वाईट हे मागाहून. पोलीस येडे दाखवले, किंवा पळणारा नुसत्या नशिबावर वाचायला लागला, की माझं लक्ष उडतं.

दुसरी गोष्ट जागेची. रस्ता कुठं निघतो, पूल कुठं, नाका कुठं हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर नुसती पळापळ. म्हणून विचारतो, असा सिनेमा आपल्या मराठवाड्यात का घडत नाही? एक मित्र म्हणाला, "इथं लपायला जागाच कुठंय? निसतं माळरान." मला पटलं नाही. तुम्ही सांगा.

टोमणेमास्तर (परभणी)

जागेचा प्रश्न न्हाई. आपल्याकडं माणूस फरार झाला की तिसऱ्या दिवशी सासुरवाडीत जेवायला बसलेला सापडतो. बाकीचे दोन तास दाखवावं काय?

अंधारीतलं वटवाघूळ (संभाजीनगर)

मास्तर, सुरुवातीलाच गाडी रुळावरून उतरवू नका.

सिंदफणा, तुम्ही म्हणताय त्याच्या जवळचं हिचकॉकनं सांगून ठेवलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे. बघणाऱ्याला माहीत नसेल तर स्फोटानंतर पंधरा सेकंद दचकायचं. माहीत असेल तर पंधरा मिनिटं घालमेल, आणि टेबलाशी बसलेली माणसं खुशाल बेसबॉलवर गप्पा ठोकतायत. पाठलागाच्या सिनेमात हा बॉम्ब फिरता असतो. पोलीस खालच्या मजल्यावर आलेत हे पळणाऱ्याला माहीत नाही. तो मागच्या जिन्यात आहे हे पोलिसाला माहीत नाही. आपल्याला दोन्ही ठाऊक. या आगाऊ माहितीसाठीच आपण तिकीट काढतो.

'द फ्युजिटिव्ह' बघा, १९९३ चा. हॅरिसन फोर्डचा डॉक्टर निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्यापासून कळलेलं असतं, तरी त्याच्या मागं लागलेला मार्शल शहाणा वाटतो, आवडतो. टॉमी ली जोन्सला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं ते याच भूमिकेसाठी. त्यातला रेल्वेचा अपघात खऱ्या गाडीचा आहे. नॉर्थ कॅरोलिनात खरंच आदळवली आणि ते भंगार तिथंच ठेवून दिलं. शिकागोतली सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूकही खरी, गर्दीत कॅमेरा घुसवून टिपलेली. आपल्याकडं गुलमंडीवरच्या गणपतीच्या मिरवणुकीत असं कुणी करून दाखवावं, मी ढोल वाजवायला फुकट येतो.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे फ्रिट्झ लांगचा 'एम', १९३१ चा. बर्लिनमध्ये लहान मुलांना मारणारा एक जण मोकाट आहे. पोलिसांच्या धाडींनी गुन्हेगारांचा धंदा बसतो, म्हणून गुन्हेगारही त्याला शोधायला निघतात. ते शहरातल्या भिकाऱ्यांना पाळतीसाठी रस्ते वाटून देतात. आणि खुन्याला ओळखतो कोण, तर एक आंधळा फुगेवाला, त्याच्या शिट्टीवरून! शेवटी तो खुनी गुन्हेगारांच्या भरल्या सभेत तोंड उघडतो तेव्हा दीड तास ज्याचा तिटकारा केला त्याच्याकडं बघवत नाही. नव्वदच्या वर वर्षं झाली, यापुढं फार कुणी गेलंय असं मला वाटत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

'फ्युजिटिव्ह'चं नाव काढलं की आमच्याकडची माणसं 'क्रिमिनल' म्हणणार. महेश भट, नागार्जुन, मनीषा कोइराला. तेलुगूत आणि हिंदीत दोन्हीकडं निघाला होता. डॉक्टर, बायकोचा खून, पळापळ, सगळं तेच. पण आज कुणाला विचारा, पाठलाग आठवत नाही, गाणं आठवतं. संगीत कीरवाणींचं. २०२३ मध्ये ऑस्कर घेऊन आले तेच.

माझी तक्रार वेगळी आहे. या सिनेमांत पळणाऱ्याच्या घरी कोण असतं? बायको एकतर मेलेली, नाहीतर फोनवर रडणारी. मी शाळेत शिकवते. वर्गातला एक मुलगा मधे मधे येईनासा झाला. चौकशी केली तर बाकीची पोरं म्हणाली, "बाई, त्याचे पप्पा बाहेर असतेत." बाहेर म्हणजे फरार, हे मला नंतर उमगलं. रात्री जीप यायची. त्या पोराची आई दिवसा कापूस वेचायला जायची तर तिथंही बायका तिच्यापाशी बसायच्या नाहीत. त्या घरात रोज कडी वाजण्याची वाट बघितली जात होती, आणि तिथं एकही कॅमेरा जात नाही. कॅमेरा जातो तो उड्या मारणाऱ्याच्या मागं.

'नायट्टू' बघितलाय का कुणी? मल्याळम, २०२१, मार्टिन प्रक्काटचा. त्यात पळणारे तिघेही पोलीस आणि मागं त्यांचंच खातं. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळं खरंखोटं नंतर, आधी कुणाला तरी पकडून दाखवायचं. पळणाऱ्यांना मागचे काय करणार हे माहीत असतं, कारण कालपर्यंत तेच काम ते करत होते. लिहिणारे शाही कबीर स्वतः पोलिसांत होते. ते जाणवतं.

खाकी उतरवली (लातूर)

ताई, तुमचा शेवटचा मुद्दा वाचला आणि लिहायला बसलो. मी खात्यात होतो. काही काळ एलसीबीला, म्हणजे जिल्ह्याच्या गुन्हे शाखेत.

सिनेमात पाठलाग म्हणजे पळणं. आमच्याकडं पाठलाग म्हणजे बसणं. पानटपरीवर बसा, गाडीत बसा, कुणाच्या माडीवर बसा. गुन्हा दाखल झाला की आधी घर, मग सासुरवाडी (मास्तर, तुमचं खरं आहे), मग जिवाचा दोस्त, मग ज्याच्याकडं उसने पैसे मागायला जाईल तो. आता सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) आणि टॉवर लोकेशन आलंय, पोरंसोरं त्यावरच तपास करतेत. पण शहाणा आरोपी फोन बंदच ठेवतो. तरी दुसऱ्याच्या फोनवरून घरी बोलतो म्हणजे बोलतोच. पोळा आला, बहिणीचं लग्न निघालं, आई दवाखान्यात गेली, की आम्ही साध्या कपड्यांत तिथं हजर.

सापडलाच नाही तर कोर्टातून फरारीची उद्घोषणा घ्यायची. पूर्वी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ८२ आणि जप्तीसाठी ८३. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यात ८४ आणि ८५. हजर व्हायला कमीत कमी तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. ती उद्घोषणा गावात चारचौघांत मोठ्यानं वाचायची आणि त्याच्या घराच्या दर्शनी भागावर चिकटवायची. मी वाचलेली आहे. पाराजवळ सगळं गाव उभं, त्याचे चुलते-पुतणे उभे, कुणी बोलत नाही, सगळे माझ्या तोंडाकडं बघायलेत. आणि मला खात्री असायची की त्यातल्या निदान दोघांना तो कुठं झोपतो ते माहीत आहे. हा प्रसंग मी अजून कुठल्या सिनेमात बघितला नाही. कामून घेत नाहीत कोण जाणे.

खात्यातल्या माणसाला पटेल असा पाठलाग म्हणाल तर 'ब्लॅक फ्रायडे'मधला, धारावीतला. पळणारा दमतो, पोलीस त्याच्याहून जास्त दमतेत, कमरेवर हात ठेवून उभे राहतेत, परत पळतेत. आम्ही बघताना हसून हसून बेजार झालो होतो. खरं होतं म्हणून.

कोरडवाहू (बीड)

(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

प्रशासक

कोर्टात चालू असलेली प्रकरणं, त्यातली नावं आणि त्यांच्या जाती या धाग्यावर नकोत. सिनेमावर बोला.

टोमणेमास्तर (परभणी)

प्रशासकांनी पुरावा नष्ट केला. खाकीकाका, कलम लावा.

पालावरून (परभणी जिल्हा)

मी पारधी समाजाचा आहे, कायद्याचं शिक्षण घ्यायलोय. धागा पहिल्यापासून वाचला. राग नाही, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो.

धाग्याचं नाव आहे 'आपण पळणाऱ्याच्या बाजूचे कधी होतो'. आमच्याकडं हा प्रश्न पडत नाही. आसपास कुठं चोरी झाली की रात्री जीप पालावर येते. आवाज आला की बाप्ये आधी पळतेत. केलेलं काही नसतं, तरी पळतेत, कारण सापडला तो गेला. आणि पळाला म्हणजे त्यानंच केलं असणार, असं दुसऱ्या दिवशी गाव म्हणतं. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो रद्द झाला १९५२ मध्ये, म्हणून ३१ ऑगस्टला आम्ही विमुक्त दिन पाळतो. कायदा गेला, जीप येतीच आहे.

'तीरन अधिगारम ओंद्रु' नावाचा तमिळ सिनेमा आहे, २०१७ चा, कार्तीचा. बावरिया टोळीच्या मागं तमिळनाडूचे पोलीस उत्तरेत जातात. तंत्र म्हणाल तर जबरदस्त. बसवरचा तो हल्ला, वाळवंटातला पाठलाग. मी होस्टेलवर पोरांबरोबर बघितला. सगळी ओरडायली, "पकड, पकड!" आणि खरं सांगतो, मधे काही वेळ मलाही वाटायलं, पकडावं. अंगावर काटा येतो इतकं चांगलं केलंय. म्हणून तर जास्त लागलं. अख्खी जमात रानटी दाखवलीय. लेकरू नाही, म्हातारी नाही, भूक नाही, नुसती कुऱ्हाड.

आतून कसं दिसतं ते बघायचं असेल तर लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा. आपल्या लातूरकडचंच पुस्तक, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला. घरावर धाड पडते तेव्हा चुलीपाशी बसलेल्या पोराला काय दिसतं, ते त्यात आहे.

अंधारीतलं वटवाघूळ (संभाजीनगर)

तुमचं दुःख खरं, पण सिनेमा म्हणजे जमातीचा दाखला नव्हे. त्या सिनेमातला तपास प्रत्यक्षात घडलेल्या गुन्ह्यांवर बेतलाय. दिग्दर्शकानं काय, खुन्यांची जात झाकायची? असं धरलं तर 'एम' पण नको म्हणावं लागेल.

पालावरून (परभणी जिल्हा)

'एम'मधला खुनी एकटा माणूस आहे, सर. तो पकडला म्हणून बर्लिनमधल्या कुठल्या गल्लीतल्या पोरांना दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी टोकलं नसंल. जॅकलचं तर शेवटपर्यंत खरं नावसुद्धा कळत नाही. तुम्ही लोकांनी आत्तापर्यंत जेवढे चांगले सिनेमे सांगितले, त्या सगळ्यांत पळणारा एक माणूस आहे, 'नायट्टू'त फार तर तीन. आमच्यावर सिनेमा येतो तेव्हा एक माणूस नसतो.

सिंदफणा (माजलगाव, सध्या संभाजीनगर)

याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही.

फक्त जोडतो. मी वर म्हटलं की डोकं लावून काम करताना जो दिसतो त्याच्याकडं आपण झुकतो. तुमच्या उदाहरणात नेमकं हेच हत्यार वापरलंय. पोलिसांचं काम तपशिलात: ठसे, फायली, वर्षानुवर्षं वणवण, बायकोवरचा हल्ला, वरच्यांचा नकार. समोरच्यांचं काय दाखवलं, तर क्रौर्य. ते कुठं राहतात, काय खातात, कशाला भितात, काही नाही. एका बाजूचं जगणं दाखवायचंच नाही असं ठरवलं की प्रेक्षक कुठं झुकणार हे आधीच पक्कं होतं. झिनेमाननं मारेकऱ्याला जेवढा वेळ दिला तेवढा इथं अख्ख्या जमातीच्या वाट्याला नाही.

वटवाघूळ, तंत्र वेगळं काढून बघता येत नाही ते म्हणूनच. कॅमेरा कुणाबरोबर पळतोय, हेच तंत्र.

खाकी उतरवली (लातूर)

गुन्हा घडला की आधी यादी काढायची, ही पद्धत होती. खोटं कशाला बोलू? पालावरचे पळायचे हेही बघितलंय. जास्त लिहीत नाही. पोरा, शिक, आणि सनद मिळाली की कळव.

उसाचा फड (धारूर)

लई मोठी मोठी नावं झाली. आता आमचं ऐका.

सिंदफणाबाप्पा, तुमी इचारलं मराठवाड्यात असा सिनेमा का घडत न्हाई. घडतोय की दरसाल. माय-बाप दोघंबी ऊसतोडीला जायचे, मी कोपीवरच, तोडवाल्यांच्या झोपडीतच वाढलो. दसरा-दिवाळीच्या आदी मुकादम (टोळीचा ठेकेदार) उचल देतो, म्हंजी आगाऊ पैसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटंस्तवर तोडायचं. फिटली न्हाई तर बाकी पुढल्या साली डोक्यावर. कुणाचं लगीन, कुणाचा दवाखाना, उचल जास्तीची घेतलेली असती. मग एखांदं जोडपं काय करतं, मदी हंगामात रातच्याला निघतं. भांडी तितंच, लेकरू काखंत. सकाळी कोपी रिकामी.

आता मागं कोण? पोलीस न्हाई. मुकादम. त्याची जीप, त्याचे दोन माणसं. एसटी स्टँडवर एक, रेल्वेला एक, गावाकडं भावकीला फोन. आन तुमी म्हणताल मुकादम म्हंजी व्हिलन. आमच्या मुकादमानं सवता कोयता हाणलेला होता. त्यानं पैसं वरून उचललेले, रान गहाण. कोयतं पळालं तर त्याचं रान जातंय. त्यो बी मरणाच्या दारात पळायलाय. आता सांगा कुणीकडनं बसताल?

जागंचं म्हणाल तर उभ्या उसात पाच हातावरचा माणूस दिसत न्हाई. नव्या मुलखात, परक्या जिल्ह्यात, रस्ता ठावं न्हाई, दिवसा बाहीर निघता येत न्हाई. मग उसातच बसायचं. पर तोडणी चालूच हाय की! आपल्याच टोळीचे लोक तोडत तोडत तुमच्याकडं यायलेत. आज दहा सऱ्या, उद्या वीस सऱ्या. लपायची जागा रोज कमी. आन तोडणाऱ्याला आत कोण बसलंय ते ठावं हाय, मुकादम बांधावर उबा हाय, हात थांबवावा तरी पंचाईत.

अंधारीतलं वटवाघूळ (संभाजीनगर)

मी सिनेमांवर वीसेक वर्षं लिहितोय. हा उसाचा प्रसंग वाचून उठून फेऱ्या मारल्या. टेबलाखालचा बॉम्ब म्हणतात तो हाच, आणि कोयता हातात असलेल्याला तो माहीत आहे. भाऊ, हे कुठंतरी लिहून ठेवा. कुणाला सांगण्याआधी.

आष्टीचा (आष्टी)

उसात काय लपतं ते आम्हाला विचारा. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात नरभक्षक बिबट्या होता आमच्या भागात. आपला बीड, नगर, सोलापूर, तिन्ही जिल्ह्यांत फिरायचा. पिंजरे लागले, वनखात्याची माणसं आली, बंदूकवाले आले. लाईट रात्रीची, पण पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला कुणी जाईना. बायका तूर काढायला गेल्या तर टोळक्यानं, एकीनं हातात डबा वाजवत राहायचं. शेवटी डिसेंबरात करमाळा तालुक्यात गोळी घालून मारला. मारल्याची बातमी आली तरी आमच्या वस्तीवर पंधरा दिवस लोक म्हणत होते, तोच कशावरून?

सिनेमात हे घ्या. पकडल्याची बातमी येते आणि भीती जात नाही.

टोमणेमास्तर (परभणी)

एकाच उसात जोडपं आणि बिबट्या. निर्माता आत्ताच पळाला.

गोदाकाठ (नांदेड)

मास्तर, हसलात तरी घाबरलात ना?

उसाचा फड यांच्या गोष्टीत माझी तक्रार मिटते. बायको घरी राहून रडत नाही, ती सोबत पळतेय. एवढंच करा की वाट तिला माहीत असू द्या. पाणी आणायला, सरपणाला चारी दिशांना तीच हिंडलेली असते. नवरा फड ते कोपी एवढंच बघतो. कुठली विहीर चालू, कुठल्या वस्तीवर कुत्री, कुठली म्हातारी भाकरी देईल, हे तिच्या डोक्यात. आणि काखेतलं लेकरू खोकायला लागलं की थिएटरात कुणाला पॉपकॉर्न सुचणार नाही.

अंधारीतलं वटवाघूळ (संभाजीनगर)

शेवटचा पाठलाग देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत घेता येईल. ती बांधलीच आहे घुसणाऱ्याला चकवायला. काळोख, वळणं, वर वटवाघळं.

उसाचा फड (धारूर)

उचल बुडवून पळालेला माणूस तिकीट काढून किल्ला बघायला जाईल व्हय?

सिंदफणा (माजलगाव, सध्या संभाजीनगर)

किल्ला राहू द्या. पण इतिहासातलंच हवं असेल तर एक पाठलाग आपल्या मुलखाशी जोडलेला आहे आणि माझ्या मुद्द्याची त्यात चांगली परीक्षा होईल. मीर लायक अली, निजामाचे शेवटचे पंतप्रधान. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबादेत नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये पहारा असताना तिथून निसटले आणि पाकिस्तानात पोचले. आधीची तयारी, घरच्यांची साथ, निसटल्यावर सरकारची धांदल. सिनेमाला लागतं ते सगळं आहे.

आता प्रश्न असा, की १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून आलेला मराठवाड्यातला प्रेक्षक यांच्या बाजूला बसेल का? रझाकारांनी ज्यांची घरं जाळली त्यांचे नातू अजून आहेत. माझ्या आजोबांच्या पिढीनं पडद्यावर चप्पल फेकली असती. पण दिग्दर्शकानं त्यांना नुसतं एका खोलीत बसलेलं दाखवलं, बाहेर पहारेकऱ्याची ड्युटी बदलायची वेळ झालीय, आणि हातात घड्याळ. तर?

गोदाकाठ (नांदेड)

निजामाविरुद्ध लढलेल्या उमरीकडच्या माणसाला दाखवून बघा, मग सांगते. मी स्वतः बहुतेक दहा मिनिटं झुकेन आणि नंतर स्वतःवरच चिडेन.

खाकी उतरवली (लातूर)

उसाच्या गोष्टीत एक कायद्याचा भाग घाला, नाहीतर लोक म्हणतील पोलीस कुठं गेले. असा मुकादम ठाण्यात येतो. "साहेब, उचल घेऊन पळाले, फसवणुकीची तक्रार घ्या." अर्ज लिहून आणलेला असतो, सोबत नोटरीचा कागद. आणि कर्जापोटी माणूस कामाला बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे तक्रार द्यायला आलेलाच आरोपी होऊ शकतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर दोन्ही कागद आहेत आणि तो चहा मागवतो. त्याला जॅकल पकडायचा नाही, जेवायच्या आत विषय मिटवायचाय. त्याचंही काम दाखवा.

पालावरून (परभणी जिल्हा)

आणि रात्री पळताना ते जोडपं कुणाच्या तरी पालावर पाणी मागायला थांबू द्या. आमच्याकडं विचारत नाहीत का पळायलास म्हणून.

सिंदफणा (माजलगाव, सध्या संभाजीनगर)

हे आलंच पाहिजे. फडभाऊ, तुमच्या डोळ्यासमोरचं जे जोडपं पळालं त्यांचं पुढं काय झालं? सापडले का?

उसाचा फड (धारूर)

सापडले न्हाईत. गावात बी आले न्हाईत त्या साली. लेकरू मामाकडं ठिवलं आन दोघं पुन्यात बांधकामावर ऱ्हायले. पुढल्या दसऱ्याला दुसऱ्या मुकादमाची उचल घेतली आन पहिल्याची फेडली.

टोमणेमास्तर (परभणी)

मंजी भाग दोन.